मोपासाँची ‘हार’: मातिल्द सुधारली, की नुसती झिजली?

तापीकाठची (भुसावळ) · शुक्रवार, रात्री १०.१२

मंडळी, थोडी मदत हवी आहे आणि थोडं भांडायचंही आहे.

लेक दहावीला, सीबीएसई. इंग्रजीच्या पुरवणी वाचनात फ्रेंच लेखक मोपासाँची ‘द नेकलेस’ ही गोष्ट आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पॅरिसमधल्या एका कारकुनाची देखणी बायको मातिल्द. आपण चुकून गरिबाघरी पडलो असं तिला कायम वाटतं. मंत्र्याच्या घरच्या मेजवानीसाठी ती श्रीमंत मैत्रिणीचा, जान फोरेस्तिएचा, हिऱ्यांचा हार उसना आणते. त्या रात्री तोच हरवतो. नवराबायको कर्ज काढून ३६,००० फ्रँकचा तसाच हार गुपचूप परत करतात आणि १० वर्षं राबून फेडतात. मग एक दिवस फिरायला गेल्यावर मैत्रीण भेटते आणि कळतं की मूळ हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा.

घरचा अभ्यास असा: मातिल्दच्या स्वभावात काय बदल होतो, आणि हार कशाचं प्रतीक आहे? गाइडात छापील उत्तर आहे. हार म्हणजे खोटी प्रतिष्ठा, आणि मातिल्द शेवटी ‘नम्र व कष्टाळू’ होते. लेकीने पाठ केलं आणि भाकरी खाताखाता म्हणाली, “आई, पण ती नम्र कुठे झाली? शेवटी तर ऐटीत हसते.”

मी परत वाचलं. खरंच की! “तुझ्या लक्षातही आलं नाही ना, अगदी सारखे होते की नाही,” असं मैत्रिणीला विचारून ती हसते, आणि लेखक त्या हसण्याला अभिमानी आणि भाबडं म्हणतो. मग बदललं काय? माझं मत आधीच सांगून टाकते: गर्व गेला नाही. आधी तो उसन्या वस्तूचा होता, आता स्वतःच्या कमाईचा आहे. हाराबद्दल मात्र माझं काही ठरत नाहीये.

---

खापरावरचीपोळी (धरणगाव) · १०.३१

भलता भारी धागा शे भो. पहिला नंबर मना.

गोष्ट वाचलेली नाही, पण निष्कर्ष तयार आहे: उसनं आणायचं तर ताक आणावं. हरवलं तरी १० वर्षं जात नाहीत.

---

वर्ग_दहावी_ब (अमळनेर) · १०.५८

मी ३१ वर्षं शिकवलं, आता निवृत्त. साने गुरुजी जिथे मास्तर होते त्या गावचा असल्याने कथेचं तात्पर्य काढायची खोड आम्हा सगळ्यांनाच. गाइडाला शिव्या देण्याआधी गाइड का तसं लिहितं तेही बघा. पेपर तपासणाऱ्याकडे मुद्द्यांची यादी असते. हव्यास, गर्व, कष्ट, पश्चात्ताप. चार मुद्दे, चार गुण.

गंमत म्हणजे पश्चात्ताप हा शब्द कथेत बसतच नाही. एवढी दहा वर्षं जातात, तरी नवरा कचेरीत गेला की ती खिडकीपाशी बसून त्या एका रात्रीचीच आठवण काढते, आपण किती सुंदर दिसत होतो त्याची. पश्चात्ताप झालेलं माणूस असं बसतं का? तुमच्या लेकीला शाबासकी सांगा. मात्र पेपरात थोडं जपून लिही म्हणावं.

---

तोळामासा (जळगाव) · ११.२०

आता आमच्या धंद्यावर विषय आला म्हणून बोलतो. तीन पिढ्या सराफ्यात.

आधी हिशेब. त्या काळचा २० फ्रँकचा सोन्याचा शिक्का ६.४५ ग्रॅमचा, त्यात ९० टक्के सोनं. म्हणजे ३६,००० फ्रँकचे १,८०० शिक्के, म्हणजे साधारण साडेदहा किलो शुद्ध सोनं. तोळ्यात सांगायचं तर ८९६ तोळे. कारकुनाने! आता दुसरी बाजू. खोटा हार ५०० फ्रँकचा म्हणजे तोही बारा तोळ्यांच्या वर गेला. तिने मेजवानीसाठी शिवलेला झगा ४०० फ्रँकचा, तो दहा तोळ्यांचा. म्हणजे ‘खोटा’ असला तरी तो फुटपाथवरचा माल नव्हता. त्या काळी पॅरिसमध्ये शिशाच्या काचेचे नकली हिरे करणारे कारागीर नावाजलेले होते. शिसं असल्यामुळे काच जड भरते, वजनावरून ग्राहकाला पटकन संशय येत नाही.

मग कशावरून कळलं असतं? तोंडाची वाफ सोडायची. हिऱ्यावरची लगेच उडते, काचेवरची रेंगाळते. आणि काच वापरून वापरून पैलूंच्या कडेला बोथट होते. पण मातिल्द बघत होती आरशात. आरशात बघणाऱ्याला माल दिसत नाही, स्वतःचा गळा दिसतो. हे दुकानात रोज बघतो.

आणि एक. त्या पॅरिसच्या सराफाने ४०,०००चा हार ३६,०००ला दिला, शिवाय जुना फेब्रुवारीअखेर सापडला तर ३४,०००ला परत घ्यायचं कबूल केलं. एवढ्या मालावर घट फक्त दोन हजार? असा सराफ मला दाखवा, मीच त्याच्याकडे जातो.

---

खापरावरचीपोळी · ११.२६

८९६ तोळे. मी हे बायकोला वाचून दाखवलं नाही. दाखवणारही नाही.

---

मिरचीचाठेचा (नंदुरबार) · शनिवार, सकाळी ७.०५

सगळे मातिल्दला डोक्यावर घेताहेत म्हणून कडू बोलतो. ही बाई शेवटपर्यंत बदलत नाही आणि लेखकालाही तिला बदलायचं नाही. पहिल्या पानावर नवरा सूपच्या भांड्याचं झाकण उघडतो आणि “वा, काय झकास रस्सा झालाय” म्हणून खूश होतो. समोर बसून बाई चांदीच्या ताटांची स्वप्नं बघते. नवऱ्याने बंदुकीसाठी साठवलेले ४०० फ्रँक झग्यासाठी काढून दिले. रविवारी मित्रांबरोबर शिकारीला जायचं एवढं एकच त्या बिचाऱ्याचं सुख होतं. कथेत एकदा तरी ती त्याला “तुमची बंदूक राहिली हो” म्हणते का? दहा वर्षांत एकदाही नाही.

मुळात हा लेखक बायकांना असाच शिक्षा देतो. कथा चलाख आहे, मोठी नाही. शेवटच्या ओळीचा फटाका फुटला की हातात उरतो कागद.

---

पांझराकाठ (धुळे) · ७.४८

ठेचाभाऊ, नवऱ्याबद्दल तुमच्याशी सहमत. बँकेत आहे, त्यामुळे माझं लक्ष त्याच्याकडेच गेलं.

३६,०००पैकी १८,००० त्याच्या वडिलांनी ठेवलेले. उरलेले १८,००० कर्ज: कुणाकडून हजार, कुणाकडून पाचशे, इकडून पाच शिक्के, तिकडून तीन. सावकारांचे कागद, सह्या. हा माणूस संध्याकाळी व्यापाऱ्यांच्या वह्या लिहितो आणि रात्री पाच सू पानाने नकला उतरवतो. पाच सू म्हणजे पाव फ्रँक. नुसतं मुद्दल या नकलांवर फेडायचं म्हटलं तर ७२,००० पानं. दहा वर्षं, एकही रात्र खाडा न करता, रोज २० पानं. वर व्याज आणि व्याजावरचं व्याज. कथेत स्पष्ट म्हटलंय की सावकारी दरासकट सगळं फेडलं.

आपल्याकडे २०१४चा सावकारी कायदा आहे, नोंदणी नसलेल्या सावकाराविरुद्ध अर्ज करता येतो. तरी कपाशीच्या हंगामात बियाण्याच्या वेळी काय चालतं ते मी सांगायला नको. म्हणून मला हारापेक्षा तो सहीचा कागद जास्त भीतीदायक वाटतो. फेडता येईल की नाही ते माहीत नसताना त्याने सह्या केल्या, असं लेखक म्हणतो. प्रतीक शोधायचंच तर ती सही घ्या.

---

कपाशीवाली (चोपडा) · ९.१५

पांझराकाठ दादा, तुमचं वाचून गप्प बसवेना. पण आधी एक तक्रार.

मातिल्दची ‘अधोगती’ म्हणून लेखक काय काय दाखवतो बघा. खालून पाणी भरून आणते, दर मजल्यावर दम खायला थांबते. भांडी घासते. धुणं धुते. बाजारात टोपली घेऊन एकेका सूसाठी घासाघीस करते. हे वाचून पॅरिसच्या वाचकाला अरेरे वाटलं असेल. माझी आई विहिरीचं पाणी आणून, चुलीवर भाकरी थापून मग निंदायला जायची. ती काय जन्मभर शिक्षा भोगत होती? आसोद्याच्या बहिणाबाईंनी याच कामांतून गाणी काढली. म्हणून ‘ती कष्टाळू झाली हा बदल’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. कष्ट तर आमच्याकडे जन्मासोबतच येतात. त्याला स्वभावातला बदल म्हणत नाहीत, सोमवार म्हणतात.

आता गोष्ट. माझ्या मामीची, खरी.

मामी नवी नवी लग्न होऊन आली तेव्हा माहेरच्या लग्नाला जायचं होतं. अंगावर मंगळसूत्राशिवाय काही नाही. शेजारच्या काकूंनी स्वतःहून आपली सोन्याच्या मण्यांची एकदाणी दिली, म्हणाल्या, माहेरी मोकळ्या गळ्याने जाऊ नको. परतताना ट्रकमधून उतरून बघते तर गळ्यात नाही. फडताळं, गोणपाटं, रस्ता, सगळं पालथं घातलं. मामाने त्या वर्षीचा कापूस घरात ठेवायचं ठरवलं होतं, भाव वाढेल म्हणून. तो पडत्या भावात विकला, उरलेलं दुकानदाराकडून उचललं आणि तशीच एकदाणी घडवून आणली. मामी रुमालात बांधून काकूंकडे गेली. जशी मातिल्द गेली तशीच, काही न सांगता.

काकूंनी रुमाल तिथेच सोडला. हातात झेलून म्हणाल्या, “सूनबाई, ही मनी नही शे. मन्हा एक मणी चेपायेल व्हता.” पोरगा लहान असताना त्याने चावलेला मणी. मामी उंबऱ्यावरच रडायला लागली. पुढचं ऐका. काकू म्हणाल्या, माझी पोकळ होती, आत लाख भरलेली, तू भरीव घेऊन आलीस. जा, मोडून पोकळ करून आण, उरलेलं सोनं दुकानदाराला दे.

म्हणजे आमच्याकडेही माल अर्धा खोटाच होता. फरक एवढाच की दोन मिनिटांत कळलं, दहा वर्षं लागली नाहीत.

---

तोळामासा · ९.४०

ताई, काटा आला अंगावर.

लाखेचे मणी जुन्या घरांतून अजून येतात. वरून दहा ग्रॅम वाटतं, मोडीत घातलं की लाख जळून जाते आणि काट्यावर निम्मंसुद्धा उरत नाही. गिऱ्हाईक आमच्याकडेच संशयाने बघतं. आणि चेपलेल्या मण्याची ओळख शंभर टक्के खरी. बायका आपला डाग, म्हणजे दागिना, अंधारात बोटांनी ओळखतात. आता एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख नंबर असतो, हॉलमार्कच्या प्रत्येक डागावर सहा अक्षरी. तो काकूंच्या मण्यासारखाच, फक्त चावायला पोरगा लागत नाही.

---

तापीकाठची · १०.०२

कपाशीवाली ताई, तुमच्या गोष्टीने माझं हाराचं कोडं एका क्षणात सुटलं.

काकूंनी रुमाल सोडला! जान फोरेस्तिए डबी उघडत नाही. तोच क्षण कथेचा कणा आहे. मातिल्दला धाकधूक असते की आता ही उघडेल, फरक ओळखेल, आपल्याला चोर समजेल. आणि जान फक्त थंडपणे म्हणते, लवकर परत करायला हवा होतास, मला लागला असता तर? डबी तशीच आत जाते. उघडली असती तर?

---

मूळ_यावल_हल्ली_पुणे · ११.११

फ्रेंच शिकतोय म्हणून मूळ गोष्ट शब्दकोश घेऊन रखडत वाचली होती. डबीबद्दल एक भर घालतो.

हार हरवल्यावर नवराबायको रिकामी डबी घेऊन तिच्यात ज्या सराफाचं नाव आहे त्याच्याकडे जातात. तो वह्या चाळून म्हणतो, हा हार मी विकलेला नाही, मी फक्त डबी दिली असेन. इथे लेखकाने सगळं उघड सांगून टाकलंय! चांगल्या पेढीची काळी सॅटिनची डबी, आत दुसरीकडचा माल. पण तेव्हा त्या दोघांनाही ते ऐकू येत नाही आणि आपल्यालाही नाही. त्यामुळे ठेचाभाऊंचा ‘शेवटचा फटाका’ मला पटत नाही. वात आधीच दाखवून ठेवलेली आहे, दुसऱ्यांदा वाचताना दिसते.

(आणि कृपया ‘माटिल्डा’ नका म्हणू. मातिल्द. माझ्या सर बाई फार चिडतात.)

---

खापरावरचीपोळी · ११.१४

सर आहेत की बाई ते आधी ठरवा, मग उच्चार सुधारू.

---

मिरचीचाठेचा · ११.५२

डबीचा मुद्दा मान्य. दुसऱ्या वाचनाला वात दिसते हेही मान्य. तरी प्रश्न तसाच राहतो: बाई बदलली का?

आणि बंदुकीचं उत्तर कुणी दिलं नाही.

---

वर्ग_दहावी_ब · दुपारी १.३०

ठेचाराव, जेवण झालं, आता सविस्तर.

आपण सगळे ‘आधीची मातिल्द’ आणि ‘नंतरची मातिल्द’ अशा दोन बायका शेजारी उभ्या करून बघतोय. मधली कुणी बघत नाही. मधली कोण? पत्र लिहिणारी. हार हरवल्यावर नवरा सांगतो, मैत्रिणीला कळव की हाराची कडी तुटली, दुरुस्तीला टाकलाय. मातिल्द तो सांगेल तसं लिहिते. ही दोन ओळींची चिठ्ठीच दहा वर्षांना कारण झाली, हार नव्हे. त्याऐवजी “जान, तुझा हार हरवला” एवढं लिहिलं असतं तर त्याच दिवशी उत्तर आलं असतं, अगं तो खोटा होता.

का लिहिलं नाही? गर्व म्हणा, पण मला ती भीती वाटते. या मैत्रिणीकडे जायला ती आधीपासूनच टाळत असे, कारण परत येताना जीव जळायचा. दोघी एकाच कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या, पण पैशाने मधे दरी पडलेली. तिथे ‘हरवला’ हा शब्द ओलांडून जात नाही. चोपड्याच्या काकू आणि मामी यांच्यात फक्त एक भिंत होती, कुडाची असेल.

आता शेवट बघा. फिरताना जानला आधी तीच ओळखते आणि जाऊन बोलायचं का असा एक क्षण विचार करते. मग ठरवते: हो, आता फेडलंय, आता सगळं सांगेन, का नाही? हाक तीच मारते, “नमस्कार जान.” समोरची ओळखतसुद्धा नाही, एक साधी कामकरी बाई आपल्याला एकेरी हाक मारते म्हणून चमकते. जी बाई चिठ्ठीत चार शब्द खरे लिहू शकली नव्हती ती भर रस्त्यात, फाटक्या अवतारात, सगळं खरं बोलते. माझ्या मते हा बदल. नम्रता नाही, पश्चात्ताप नाही. तिची जीभ मोकळी झाली. माझ्या वर्गात मी हे कधीच शिकवलं नाही, तेव्हा मलाही गाइडातलंच बरं वाटायचं, हे कबूल करून टाकतो.

---

पांझराकाठ · १.४४

मास्तर, नमस्कार. ‘फेडलंय म्हणून सांगेन’ हे वाक्य थकबाकीदार माणसालाच कळेल. माझ्याकडे खातं बंद करायला येणारा शेतकरी काउंटरवर वेगळ्याच आवाजात बोलतो. तोच माणूस, सहा महिन्यांपूर्वी दाराआडून डोकावायचा.

---

कपाशीवाली · २.१०

मास्तर म्हणतात त्याला माझी पुस्ती, पण थोडी वेगळी. मोकळी जीभ कुठून आली? बाजारातून. सूसाठी भांडून भांडून. सकाळी रागावून जे लिहिलं ते थोडं मागे घेते: पाणी भरणं हा बदल नाही, पण चार लोकांत टोपली घेऊन आवाज चढवणं हा असू शकतो. आधीची मातिल्द आवाज चढवत नव्हती, रडत होती.

आणि तो जुना शेला विसरू नका! मेजवानीहून निघताना नवरा तिच्या खांद्यावर रोजची साधी ओढणी टाकतो आणि बाकीच्या बायका फर पांघरताहेत म्हणून ती लाजेने जिन्यावरून पळत सुटते. गाडीसुद्धा धड थांबून बघत नाहीत, रस्त्यात थंडीत कुडकुडत शोधतात. माझी खात्री आहे, हार त्या पळापळीत पडला. खोटा हार गळ्यात मिरवला आणि खरी शाल लपवायला धावली.

---

तोळामासा · २.३५

पण हार कुठे पडला ते लेखक सांगतच नाही, आणि ते बरं केलं. आमच्या धंद्यातला अनुभव: निम्मे ‘हरवलेले’ डाग घरातच सापडतात, डब्यात, पिठात, गादीत. हे लोक कोट, झगा, खिसे सगळं बघतात, नवरा सकाळी सातपर्यंत रस्ता पायी तुडवतो. बिचारा.

---

मूळ_यावल_हल्ली_पुणे · सायंकाळी ५.२०

ठेचाभाऊंच्या ‘हा लेखक बायकांना शिक्षा देतो’ यावर. याच मोपासाँची आदल्या वर्षीची, १८८३ची, ‘दागिने’ नावाची गोष्ट बरोबर उलटी आहे. तिथे एका कारकुनाच्या बायकोला नकली दागिन्यांचा नाद, नवरा तिला त्यावरून बोलतो. ती वारते. पैशाची तंगी म्हणून तो तिचा एक ‘नकली’ हार विकायला नेतो तर सराफ म्हणतो, १८,००० फ्रँक. सगळे खरे निघतात, मिळून १,९६,०००. ते तिला कुणी दिले, हे वाचकाने ओळखायचं. नवरा आधी लाजतो आणि मग पैसे घेऊन मजा करतो. पुढे दुसरं लग्न करतो, बायको अगदी सच्छील, आणि ती त्याचा छळ मांडते.

म्हणजे शिक्षा बायकांनाच असं नाही. खोटं ते खरं निघालं तरी माणूस फसतो आणि खरं ते खोटं निघालं तरी. मोपासाँ स्वतः काही वर्षं सरकारी कारकून होता, आधी नौदल खात्यात, मग शिक्षण खात्यात. मातिल्दचा नवराही शिक्षण खात्यातच. ती टेबलं, ते पगार, त्या बायकांचे सुस्कारे त्याने जवळून बघितलेत.

---

मिरचीचाठेचा · ५.४५

‘दागिने’ वाचतो. हार मानतो (कोटी मुद्दाम).

तरी बंदुकीवर मी अडून आहे. दहा वर्षांनी मातिल्द “आम्ही फेडलं” म्हणते. ‘आम्ही’. हे आता वाचताना दिसलं. आधी सगळं ‘मी’ होतं. माझ्याकडे झगा नाही, माझ्याकडे दागिना नाही, मी गरीब दिसेन. बंदुकीची भरपाई म्हणून हे धरायचं असेल तर धरा.

---

खापरावरचीपोळी · रात्री ९.०५

दिवसभर तुमचं वाचून शेवटी गोष्ट वाचून काढली. गप्प झालो होतो.

मग एकच डोक्यात आलं. आमच्याकडे कानबाई बसते तेव्हा नारळाला नथ घालतात, डोळे लावतात, घरातलं असेल नसेल ते सोनं अंगावर चढवतात. ज्यांच्याकडे नसतं ते खोटं चढवतात. आजीला एकदा विचारलं होतं, देवीला खोटं चालतं का? ती म्हणाली, देवी उसनी नसते ना रे. तेव्हा कळलं नव्हतं. आताही पूर्ण कळलंय असं नाही, पण लिहून ठेवतो.

रोट खाऊन झोप आलीये. शुभरात्री.

---

वर्ग_दहावी_ब · ९.२२

पोळीसाहेब, तुम्ही विनोदच करत जा, असं काही लिहिलं की आमची पंचाईत होते.

---

पांझराकाठ · रविवार, सकाळी ८.१०

एक शंका राहून जातेय. जानने आता फरक परत द्यायचा का? ३६,००० वजा ५००. कथा तिथेच संपते.

---

तोळामासा · ८.३०

हार परत द्यायचा, पैसे नाही. जिन्नस होता तसाच असणार, हिरा झिजत नाही. पण त्या दहा वर्षांत तिने तो खोटा समजून कुणाला देऊन टाकला असेल तर? मला रात्री हाच विचार आला आणि झोप उडाली.

---

तापीकाठची · बुधवार, सायंकाळी ६.४०

धागा वर काढते, सांगायचं होतं.

लेकीने शेवटी स्वतःचं लिहिलं. बदल म्हणून मास्तरांचं चिठ्ठी आणि हाक, प्रतीक म्हणून हार नव्हे तर न उघडलेली डबी. पाचपैकी साडेतीन. शेरा: ‘विचार चांगले, पण मुद्दे सोडून.’ एक गुण हव्यास न लिहिल्याबद्दल गेला असावा, अर्धा अक्षराबद्दल. ती खूश आहे. मी जरा चिडले होते, आता नाही.

कपाशीवाली ताई, तुमच्या मामी अजून आहेत का? लेक विचारत होती.

---

कपाशीवाली · ७.१५

आहेत, सत्तरीच्या पुढे, ठणठणीत. परवा फोनवर त्यांना सगळी गोष्ट सांगितली, पॅरिस, मेजवानी, डबी. शेवट ऐकून त्या हार खोटा निघाल्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “त्या बाईनं डबी उघडून पाह्यला पाहिजे होती. दारात आलेल्या माणसासमोर उघडायची असते.”

---

तापीकाठची · ७.२१

आणि उघडून दुसरा निघाला तर?

---

कपाशीवाली · ७.४८

विचारलं आत्ता. म्हणाल्या, मग आधी चहा टाकायचा.